क-एकेचाळीस

विमानात जागेचा नंबर नसतो,
शेजारच्या निषादने सांगितलं तेव्हा वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.
पैसे मोजायचे आणि जागा आपली आपण हुडकायची?
मग एसटी काय वाईट होती,
खिडकीतून रुमाल टाकला की झालं.
"इथे खिडक्या उघडत नाहीत, काकू."

चोवीस तास आधी मोबाईलवर बटण दाबायचं.
आधी दाबेल तो अ, मागाहूनचे ब,
आणि दुपारी जेवून जे जरा लवंडले, ते क.
मी लवंडले होते.

पहाटेचे पाच. सांताक्रूझ.
येताना रिक्षातून दिसलं, जरीमरीच्या पत्र्यांखाली
एकेक दिवा लागत होता.
इथे आत खांबांवर आकडे: एक ते तीस, एकतीस ते साठ.
"तुमचा कितवा?"
"ब-बावीस."
"मग या की माझ्यापुढे."
इतकी शिस्त मी रेशनच्या दुकानातही पाहिली नाही.
एकाने जादा पैसे भरले होते, तो अ-च्याही आधी गेला.
कडेवर मूल असलेले अ आणि ब-च्या मधून गेले;
मूल गाढ झोपलेलं,
त्याला कुठला आलाय गट.

मग माईकवरची मुलगी म्हणाली, गट क,
आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला.
माझाच होता.

एकतीस वर्षं विक्रोळीच्या शाळेत कारकून होते मी.
पहिलीच्या तुकड्या मी पाडायचे.
लोकांना वाटायचं, अ म्हणजे हुशार, क म्हणजे दगड.
तसं काही नव्हतं हो.
पहिल्या सोमवारी जे आले, ते अ.
साठ नावं झाली की खाली रेघ मारायची, पान उलटायचं.
गुरुवारी आले ते क.
एवढंच.

संतू पाखरेची आई गुरुवारी आली होती,
सोमवारी तिला कंपनीतून सुटी मिळाली नव्हती.
शाईचा बोट उमटवून गेली.
पुढे तो बँकेत भेटला, केस पांढरे, हातात पासबुक.
"तुम्हीच भरा ना बाई स्लिप,
आम्ही क-तुकडीवाले, आम्हाला काय कळतंय."
आणि हसला.
मी स्लिप भरून दिली.
गुरुवारचं सांगितलं नाही.
माझा नंबर पुकारला होता, घाई होती,
असं मी तेव्हापासून म्हणते.

आत शिरले तर पुढच्या साऱ्या रांगांत
खिडकीशी एक, कडेला एक, मध्ये पर्स.
मी जवळ आले की माणसं पर्सकडे बघत,
जणू ती पर्सच आता काय ते बोलेल.
कुणी डोळे मिटून घेतले.
एकाने तर चक्क मधल्या खुर्चीवर रुमाल टाकला होता.
मला हसू फुटलं. पुढे गेले.

सव्विसाव्या रांगेत एक नवराबायको,
तो कडेला, ती खिडकीशी.
"तुम्ही एकत्र बसा ना, मी कडेला बसते."
"नको, ठीक आहे," दोघंही एकदम म्हणाली.
उड्डाणानंतर ती मला म्हणाली, "त्यांना विचारा, गोळी घेतली का."
मी विचारलं.
तो मला म्हणाला, "घेतली म्हणावं."

मांडीवर कडबोळ्यांचा डबा,
धाकटीच्या साठीशांतीला इंदूरला न्यायचा.
उघडला. दोन इकडे, दोन तिकडे.
कुडुम कुडुम, तिघांची.
खालचं काही मला दिसत नव्हतं,
मध्ये बसल्यावर दिसतं ते समोरच्या खुर्चीचं पाठ.
थोड्या वेळाने तिने आपली मान मागे घेतली,
काही न बोलता,
आणि काचेचा एक तुकडा मोकळा झाला.
ढग होते. बाकी काही नाही.

उतरताना शेवटून तिसरी होते.
पाखरेचा पत्ता जुन्या रजिस्टरात असेल,
कन्नमवार नगर, इमारत बहुतेक सत्तावन्न.
परत आले की बघते.
सोमवारी जाईन.